कच्च्या टाक्याचा कोट

कासारवाडी स्टेशनातून बाहेर पडून रुळांच्या कडेनं गावठाणाकडे निघालं की कोपऱ्यावर ‘विजयश्री ड्रेपरी’ ही पाटी दिसते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. हल्ली नाटकं कोण बसवतं म्हणा! हल्ली चालतात ती शाळांची स्नेहसंमेलनं आणि गणपतीतले जिवंत देखावे. त्यामुळे दुकानात मावळ्यांचे अंगरखे, कृष्णाचे मुकुट, पत्र्याच्या तलवारी, पुठ्ठ्याच्या ढाली आणि बालवाडीतल्या पोरांसाठी ससे, वाघ, गाजरं, टोमॅटो असा सगळा बाजार भरलेला असतो.

पण आतल्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं आणि त्यात निराळाच संसार मांडलेला होता. रुंद कॉलरचे थ्री-पीस सूट, बारीक रेघांचं लोकरी कापड, काळ्या पट्टीच्या फेल्ट हॅट, काळे-पांढरे दुरंगी बूट, वेस्टकोटवर लोंबणाऱ्या घड्याळाच्या साखळ्या. लाकडी पिस्तुलं ओळीनं टांगलेली. आणि मधोमध, देव्हाऱ्यात मूर्ती असावी तशी, गोल डब्याची टॉमी गन, म्हणजे जुनी अमेरिकी मशीनगन. तीही लाकडाचीच, पण दोन हातांवरून कुणी ओळखून दाखवावं.

हे कपाट विजयश्रीचं. पाटीवरचं नावही तिचंच, वडिलांनी ती पाळण्यात असताना रंगवून घेतलेलं. आता ती चाळिशी ओलांडलेली बाई, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि नाकाच्या शेंड्यावर राग. सगळी कासारवाडी तिला विजूताई म्हणते. दोन महायुद्धांच्या मध्ये जी वीसेक वर्षं होती, त्या वर्षांवर ही बाई जीव टाकायची. तिकडे अमेरिकेत दारूबंदी झालेली, चोरून दारू विकणारे गुंड नवरदेवासारखे नटून एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि पोलीसही तसेच हॅट घालून त्यांच्या मागावर. त्यांच्या कॉलरची रुंदी किती असायची, हॅटला खळगा कुठे पडायचा, कुठल्या पिस्तुलाच्या मुठीला कुठलं लाकूड लागायचं, हे तिला नणंदेच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं.

हा नाद वडिलांनी लावला. ज्योतीराम माढ्याकडून आले आणि भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाले. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. रविवारी लेकीला घेऊन ते पुण्याला सकाळचे जुने इंग्रजी सिनेमे बघायला जायचे आणि घरी येऊन उरलेल्या सागवानातून तिथली बंदूक कोरायचे. विजयश्रीनं लहानपणी एकदा विचारलं होतं, “बाबा, ही माणसं वाईट असतात ना? मग यांची बंदूक आपण कशाला करायची?” त्यावर ज्योतीराम रंधा थांबवून म्हणाले होते, “वस्तू देखणी असली म्हणून तिचं काम देखणं असतं असं नाही, विजे. आपण आकार घ्यायचा, काम सोडून द्यायचं. म्हणून तर लाकडाची करायची.”

एवढं शहाणपण गावाला कुठून असणार? विजयश्री रविवारी वेस्टकोट चढवून स्कूटरवर निगडीला निघायची, उतरल्यावर हेल्मेट डिकीत टाकून डिकीतली हॅट डोक्यावर ठेवायची, आणि बायका एकमेकींना कोपर मारायच्या. “अगं बाई, डॉन आली!” विजयश्री त्यांच्याकडे बघून हॅटची कड दोन बोटांनी खाली ओढायची. लाज वाटणाऱ्यांपैकी ती नव्हतीच.

लाज वाटायची ती धनेशला. धनेश तिचा नवरा, चाकणला एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर. माणूस सरळ, पण लोक काय म्हणतील या एका वाक्यानं त्याचं निम्मं आयुष्य खाल्लेलं. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तिनं त्याच्यासाठी करड्या रंगाचा थ्री-पीस शिवला. त्यानं तो आरशासमोर घातला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि काढून ठेवला. “कंपनीच्या बसमध्ये हसतील गं,” म्हणाला. तेव्हापासून तो सूट दिघीच्या घरी कपाटात डांबराच्या गोळ्या हुंगत पडला होता.

आता एक गोष्ट ड्रेपरीच्या शिवणकामाची सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. ड्रेपरीचा कपडा एका अंगाचा नसतो. आज तो लठ्ठ माणसाला जातो, उद्या काटकुळ्याला. म्हणून खांदा, बाही, पाठ आणि कंबर या जागा मशीनवर शिवतच नाहीत. गिऱ्हाइकाच्या मापानं हातानं कच्चा टाका घालायचा, एकच लांब पांढरा दोरा, आणि त्याचं एक टोक आतल्या बाजूनं लोंबतं सोडायचं. त्या टोकाला ज्योतीराम शेंडी म्हणायचे. कपडा परत आला की शेंडी धरायची, एक हिसका द्यायचा, की शिवण उकलून कपडा पुढच्या माणसासाठी मोकळा. घालून हिंडा, नाचा, लढाया मारा, टाका हूं की चूं करत नाही. पण शेंडी कुठे आहे हे ज्याला माहीत, त्याला दोन पळं पुरतात.

तर काचेच्या कपाटातलं काही आजवर एकानंही भाड्यानं नेलं नव्हतं. आणि दसऱ्याच्या आधी, नवरात्र बसल्यावर, सुजित दुकानात आला.

सुजितला ती ओळखत होती. पहिलीत असताना तिनंच त्याला ससा केला होता, कापसाची शेपूट लावून. आता मिसरूड फुटलं होतं, केसांना लाल रंग होता आणि काम म्हणाल तर रणजीतभाऊंच्या मागं मोटारसायकल पळवणं. “विजूताई,” तो म्हणाला, “ते काचेतले कोट देता का भाड्यानं?”

तिच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडायच्या बाकी होत्या. “कशाला पाहिजेत?”

उत्तर मागून आलेल्या रणजीतनं दिलं. “मंडळाचं नाटक हाय ताई. त्याच काळातलं. डॉन, पोलीस, मारामारी, सगळं. तुमच्याबिगर कुनाकडं असला माल हाय का सांगा पिंपरी-चिंचवडात?”

रणजीत गावठाणातल्या जुन्या घरातला. जमिनी विकून गाड्या आल्या, गाड्यांमागं पोरं आली, पोरांमागं दहशत आली. हे विजयश्रीला ठाऊक नव्हतं असं नाही. एरवी मावळ्याचा अंगरखा न्यायला कुणी आलं तरी ती विचारायची, कुठलं मंडळ, कुठला प्रवेश, मावळा मरतो की जगतो? कारण मरणाऱ्याच्या अंगरख्याला रंग लागतो. यावेळी तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या कपाटाकडे बोट दाखवलं होतं. आवडीचं गिऱ्हाईक आलं की शहाणं माणूसही आंधळं होतं, आणि विजयश्री तर मुळातच वेडी.

तिनं एकेकाची मापं घेतली. कोट चढवून कच्चे टाके घातले. हॅट डोक्यावर नाही, भुवईवर ठेवायची असते, हे दाखवलं. पिस्तूल धरताना बोट चापावर ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं, हे शिकवलं. रणजीतचं पोट सुटात मावेना, तेव्हा पँट मागून उसवून मध्ये हातभर पट्टी कच्च्या टाक्यानं बसवली आणि गॅलिसची, म्हणजे पँट खांद्यावरून तोलून धरणाऱ्या पट्ट्यांची, बटणं त्या पट्टीवरच टाचली. आरशात रणजीत स्वतःवर खूश झाला. गन हातात घेऊन त्यानं पोरांना फोटो काढायला लावले. ती बाजूला उभी राहून म्हणाली, “डावा खांदा जरा मागे घ्या,” आणि तेव्हा तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. बाबांनी बघायला हवं होतं, असं तिला वाटलं.

कपडे रंगीत तालमीला म्हणून गेले. बंदुका मात्र तिनं ठेवून घेतल्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, हा ज्योतीरामांचा नेम होता. त्या दिवशी कारखान्यातली मशीनं बंद राहतात, तशी ड्रेपरीतली कात्रीही बंद राहायची.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं पाट मांडला. मधे शिलाई मशीन, पुढे कात्री, इस्त्री, टेप. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या तलवारी, आणि सगळ्यांच्या वर टॉमी गन. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. प्रसादाला दरवर्षीप्रमाणे अर्जुनराव आले. अर्जुनराव म्हणजे या कोपऱ्याचे मालक. शेजारच्याच दोन खोल्यांत एकटे राहायचे. ऐंशीला टेकलेले, धोतर, खांद्यावर पंचा, आणि दाराबाहेर एक हातांची खुर्ची, तिच्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची हा उद्योग. ज्योतीरामांना त्यांनीच जागा दिली होती.

आज मात्र त्यांनी प्रसाद हातातच धरून ठेवला. “विजे,” ते म्हणाले, “तिकडं कमानीवर तुजा कोट टांगलाय की गं.”

“कुठल्या कमानीवर?”

“जा, बघून ये.”

ती चौकात गेली. चौकात दोन विजेच्या खांबांमध्ये फ्लेक्स लागला होता, बैलगाडी झाकेल एवढा. त्यावर रणजीत उभा. तिचा कोट, तिची हॅट, तिच्या बापाची गन, डावा खांदा तिनं सांगितला तसा मागे. मागं पोरांची रांग. वर लिहिलं होतं, ‘भाऊंचा वाढदिवस’, आणि खाली लाल अक्षरांत, ‘नाद करायचा नाय’. तारीख दसऱ्याची. नाटकाचं नाव कुठेही नव्हतं, कारण नाटकच नव्हतं.

परत येताना तिच्या कानशिलातून वाफ निघत होती. “आबा, हे काय आहे?”

अर्जुनरावांनी सांगितलं. रणजीत त्यांचा पुतण्या, भावकीतला. मागचं सगळं रान त्यानं बिल्डरला मिळवून दिलं होतं, अडला होता तो फक्त हा कोपरा. कोपरा मिळाला तर ड्रेपरीसकट सगळं पाडून तिथं दुकानांची इमारत होणार होती. “दोनदा आला, दोनदा न्हाई म्हनलो. आता म्हनतो, दसऱ्याला वाढदिवसाची मिरवणूक काढून सोनं मागाया येतो तुमच्या दारात. मानसं, डीजे, बंदुका, समदं घिऊन. बघतो म्हनला आबा कसं न्हाई म्हंत्यात.”

“घाबरलात?”

“व्हय,” अर्जुनराव म्हणाले. “खोटं कशाला बोलू? एकटा गडी हाय. लाकडाची का लोखंडाची, मला दिसतंय व्हय आता?”

विजयश्रीला काय वाटलं ते साधं आहे. तिला स्वतःची चीड आली. जन्मभर ती लोकांना सांगत आली की ही हौस आहे, ही गुंडगिरी नाही, आणि तिनंच स्वतःच्या हातानं गुंडांना मापं घेऊन सजवलं होतं. हॅट कशी तिरकी ठेवायची हेसुद्धा शिकवलं होतं! हातच्या काकणाला आरसा कशाला, फ्लेक्स समोर होताच.

दुपारी रणजीत बंदुका न्यायला आला. बूट न काढता थेट पाटापर्यंत आला.

“मिळणार नाहीत,” विजयश्री म्हणाली. “कपडेही परत आणून द्या. नाटकाला म्हणून नेले होते.”

रणजीत हसला. “ताई, तुमीच तर शिकवलं की कसं धरायचं. आता काय झालं?”

“पूजा मांडलीय. आज हत्यार हलत नाही.”

“माझ्यासाठी हलतं,” रणजीत म्हणाला, वाकला, आणि फुलासकट टॉमी गन उचलली. सुजितला त्यानं मानेनं खूण केली. सुजितनं एकेक पिस्तूल गोळा केलं, ताईकडे न बघता. जाताना रणजीत दारात थांबून म्हणाला, “दुकान भाड्याचं हाय ना तुमचं? जपून राव्हा मग.”

गनवरचं झेंडूचं फूल पायरीवर पडलं होतं. विजयश्रीनं ते उचलून पाटावर ठेवलं.

संध्याकाळी दिघीला घरी धनेशनं सगळं ऐकून घेतलं. तिनं पोलीस चौकीत फोन केला होता. बंदोबस्त आहे, उद्या माणूस पाठवतो, असं तिथून सांगितलं होतं. “मग झालं तर,” धनेश म्हणाला. “आता तू मध्ये पडू नकोस. कोट गेले तर जाऊ दे. दुसरीकडे गाळा बघू.”

“आणि आबा?”

“त्यांची भावकी आहे, ते बघतील. विजू, आपल्याला इथं राहायचंय. ती पोरं कोयते घेऊन हिंडतात.”

“अहो, म्हणूनच,” ती म्हणाली. “कोयता त्यांचा असेल. कोट माझा आहे. माझा कोट घालून कुणी म्हाताऱ्याला भेडसावणार नाही.”

“लोक हसतील तुला.”

“जन्मभर हसतायत. सवय आहे मला. तुम्हाला नाही.”

हे जरा वर्मी लागलं. रात्री दोघं पाठीला पाठ लावून झोपली.

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी विजयश्री दुकानात आली. कपाट रिकामं होतं, पण तिचा स्वतःचा सूट घरी असल्यानं वाचला होता. तो तिनं घालूनच आणला होता. गडद निळा, बारीक रेघांचा, वेस्टकोटसकट, मशीनवर शिवलेला. घड्याळाची साखळी लावली. हॅट भुवईवर ठेवली. ज्योतीरामांच्या फोटोला आपट्याचं पान वाहिलं आणि म्हणाली, “बाबा, चुकलं माझं. आता निस्तरते.”

बाहेर डीजेचा दणका जवळ आला. गाडीचं टप उघडं, त्यात रणजीत उभा, पोरं दोन्ही बाजूंनी हॅट घालून, पिस्तुलं वर. एकजण मोबाइल धरून सगळ्यांना लाइव्ह दाखवत होता. रस्त्यावरच्या बायकांनी पोरांना आत ओढलं, पानवाल्यानं शटर अर्धं खाली घेतलं. लाकूड की लोखंड हे बघायला कोण जवळ जातो? विजयश्रीनं ती माणसं मागे सरताना बघितली. इतका सुंदर शिवलेला कोट बघून माणसं अशी मागे सरतात?

गाडी अर्जुनरावांच्या दारात थांबली. म्हातारा खुर्चीत बसला होता, मांडीवर आपट्याच्या पानांचं ताट. रणजीत उतरला, पोरांनी कोंडाळं केलं.

“आबा, सोनं द्या.”

अर्जुनरावांनी पान पुढं केलं. रणजीतनं ते घेतलंच नाही. टॉमी गन आडवी करून त्यानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवली, म्हातारा जागच्या जागी अडकला. “पान नको. कोपरा द्या. वाढदिवस हाय माजा.”

अर्जुनरावांनी पान परत ताटात ठेवलं. मग ते म्हणाले, “न्हाई.”

“रणजीत,” मागून आवाज आला. “माझे कपडे परत कर.”

सगळे वळले. दुकानाच्या पायरीवर विजयश्री उभी होती, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या घोळक्यात सूट शोभत होता तो एकटीला. डीजेवाल्यानं काय समजून कोण जाणे, आवाज बारीक केला.

“आज नाय ताई,” रणजीत म्हणाला. “उद्या या.”

“नाटकाला म्हणून दिले होते. नाटक कुठंय?”

रणजीतनं लाइव्हच्या मोबाइलकडे बघून दात काढले. “हेच की नाटक!”

पोरं हसली.

“मग संपलं नाटक,” विजयश्री म्हणाली. “कपडे काढा.”

ती पायरी उतरली आणि सरळ कोंडाळ्यात शिरली. तिला कुणी अडवलं नाही, कारण बाई टेप गळ्यात टाकून जवळ आली की हात वर करून उभं राहायचं, ही सवय तिनंच आठवडाभर त्यांना लावली होती. ती रणजीतच्या मागे गेली. कॉलरखाली दोन बोटं घातली. शेंडी जिथं ठेवली होती तिथंच होती. तिनं हिसका दिला.

आधी उजवी बाही सुटून मनगटावर आली. मग पाठ मानेपासून खालपर्यंत उकलली. रणजीत गर्रकन वळला तेव्हा कोटाचा एक पंख पुढं आणि एक मागं अशी गत झाली. त्यानं खुर्चीवरची गन उचलून तिच्यावर रोखली.

“ओढ की चाप,” विजयश्री म्हणाली. “सागवान आहे.”

पानवाल्याच्या शटरखालून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. रणजीतनं गन फेकून तिचा हात धरायला झेप घेतली, आणि वाकलेला माणूस आपली पाठ दाखवतो एवढं भान त्याला उरलं नाही. कमरेची शेंडी समोरच लोंबत होती. तिनं ओढली. हातभर पट्टी सुटली, तिच्यावरची गॅलिसची बटणं सुटली, गॅलिस उडून त्याच्याच कानावर बसली, आणि पँट घोट्याशी जाऊन थांबली. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. ती सगळ्या पिंपरी-चिंचवडानं लाइव्ह बघितली, कारण मोबाइल धरलेल्या पोराला बंद करायचं सुचलंच नाही.

आता मात्र रस्ता हसला. घरात ओढून नेलेली पोरं खिडकीतून हसली. अर्जुनराव हसले, खोकले, पुन्हा हसले.

विजयश्री पोरांकडे वळली. “आता कुणाची शेंडी ओढू?”

सुजित पुढं आला. त्यानं हॅट काढून तिच्या हातात दिली. “ताई, ओढू नका. मीच काढतो.”

“ससा होतास ना रे तू,” ती म्हणाली. “बरा होतास.”

सुजितनं मान खाली घालून कोट उतरवला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बनियनवरची पोरं फारशी भीतीदायक दिसत नाहीत. अर्जुनराव खुर्चीतून उठले, खांद्यावरचा पंचा रणजीतच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, “घे. वाढदिवसाचा आहेर. आन् कोपरा म्हनशील तर न्हाई. काल न्हाई, आज न्हाई, मेल्यावर बी न्हाई.”

रणजीतनं पंचा कमरेला गुंडाळला. तोंड काळंनिळं झालं होतं. गाडीत चढताना तो विजयश्रीला म्हणाला, “उद्या शटर उघडून दाखव.”

“दाखवते,” ती म्हणाली.

चौकीतला पोलीस आला तो वरातीमागून घोडं तसा. त्यानं विजयश्री आणि अर्जुनराव दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं आणि गन हातात घेऊन उलटसुलट बघितली. “वजनाला हलकी आहे,” म्हणाला आणि परत दिली. तिच्यावर हळद-कुंकू अजून होतं. विजयश्रीनं ती पाटावर जागच्या जागी ठेवली, पायरीवरून उचललेलं झेंडूचं फूल परत तिच्यावर वाहिलं, आणि मगच उत्तरपूजा केली. त्यानंतर ती खाली बसली आणि चांगली रडली, कारण आता भीती वाटायला वेळ मिळाला होता.

घरी धनेशनं व्हिडिओ बघितला होता. कंपनीच्या ग्रुपवर तो दर मिनिटाला येत होता. धनेश हसला नाही, रागावलाही नाही. “जेवून घे,” एवढंच म्हणाला. सकाळी त्याची पहिली शिफ्ट होती. ती उठली तेव्हा तो निघून गेला होता. तिला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? तिला फार वाईट वाटलं. आजच्या दिवशी तरी थांबायचं होतं, असं म्हणत तिनं निळा सूट पुन्हा चढवला आणि स्कूटर काढली.

कोपऱ्यावर पोचली तर समोर रस्त्यापलीकडे मोटारसायकली उभ्या होत्या. रणजीत नव्हता, पण त्याची पोरं होती. सुजित त्यांत नव्हता. अर्जुनराव खुर्चीत बसले होते, हातात काठी. आणि दुकानाच्या बंद शटरपुढं पाय रोवून एक हॅटवाला उभा होता. करडा सूट, वेस्टकोट, हॅट भुवईवर.

तिनं स्कूटर लावली. जवळ गेली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

“शिफ्ट?” तिनं विचारलं.

“रजा टाकली. बसस्टॉपवर जाऊन सांगून आलो.”

“असं? या कपड्यांत?”

“याच कपड्यांत. हसले सगळे.” धनेशनं हॅट सरळ केली. “हसू देत. पण विजू, कोट पोटात घट्ट होतोय गं. कच्चा टाका आहे का? त्यांच्यातल्या कुणी हिसका दिला तर?”

तिनं त्याचा कोट मागून पुढून नीट ओढला, कॉलर झटकली.

“नाही,” ती म्हणाली. “तुमचा मशीनवर शिवलाय. दुहेरी.”

मग दोघांनी मिळून शटर वर उचललं.